मोडकी पायरी

धप्प.

पुन्हा तोच आवाज. फान वेइमिनने फोन कानाला घट्ट लावला आणि डोळे मिटले. नीट ऐकायचं असलं की तो डोळे मिटत असे. एकट्याने राहणाऱ्या माणसाचे कान तिखट होतात. आपला फ्रीज कधी धाप टाकतो, शेजारच्या घरात कोण कोणावर रुसलंय, नळ कधी दगा देणार, हे सगळं त्याला आधी ऐकू येई आणि मग दिसे. या कानांचा त्याला जरा ताठाही होता. माणसाजवळ मिरवण्यासारखं फार काही उरलं नाही की तो असल्या गोष्टी मिरवतो.

"हं, बोल. मी ऐकतोय," तो म्हणाला.

"हो सर, एक मिनिट..." पलीकडे, दूर लानचौला, लिन छ्याओलान नावाची मुलगी होती. ती गप्प झाली. कागद सळसळला. पुन्हा शांतता. मग धप्प. आणि त्यासरशी पोरीचा आवाज एकदम टवटवीत झाला. "सर, आलं लक्षात!"

वेइमिनने डोळे उघडले. हे आता चौथ्यांदा होत होतं. पोरगी अडते, शांतता पसरते, धप्प होतं आणि उत्तर येतं. उत्तर तरी कसं, तर खणखणीत.

हांगचौच्या त्या कंपनीत वसंत ऋतू आला की झाडांना पालवी फुटायच्या आधी फोनच्या मुलाखती फुटत. उन्हाळ्यात इंटर्न म्हणून यायला देशभरातली पोरं अर्ज करत आणि वेइमिन कपाटाएवढ्या काचेच्या खोलीत बसून त्यांना एकेक करून फोन लावी. वय छत्तीस. सॉफ्टवेअरच्या धंद्यात पस्तिशीनंतरचा माणूस म्हणजे संध्याकाळची भाजी, घ्यायची तर भाव पाडून. बरोबरीचे कोणी साहेब झाले, कोणी आपल्या गावी जाऊन चहाचं दुकान टाकून बसले. वेइमिन मात्र ना वर गेला ना बाहेर. म्हणून मुलाखती त्याच्या गळ्यात. इतरांना हे काम म्हणजे डोक्याला ताप. त्याला ते आवडे, पण आवडतं असं तो कोणाला सांगत नसे. दिवसाकाठी एवढा वेळ त्याच्याशी दुसरं कोणी बोलत नव्हतं, हे त्यातलं गुपित.

त्याचा ठरलेला प्रश्न जिन्याचा. एका वेळी एक पायरी चढायची किंवा दोन, तर वर पोचायच्या तऱ्हा किती? हे उत्तर शेंबड्या पोरालाही पाठ असतं. घोकून गुळगुळीत केलेल्या असल्या उत्तरांना पोरंच ‘आठ पायांचा निबंध’ म्हणत, बादशहाच्या काळात परीक्षेला लिहायचे तसला. म्हणून तो त्या जिन्याची एक पायरी मोडून ठेवी. तिच्यावर पाय टाकायचा नाही. आता सांग. इथे निबंधाचे आठही पाय लटपटत.

छ्याओलानचे लटपटले नाहीत.

"मोडक्या पायरीवर पोचायच्या तऱ्हा शून्य धरायच्या, सर. बाकी हिशेब तोच. प्रत्येक पायरीने खालच्या दोघींची बेरीज घ्यायची. मोडकीकडून काही मिळणार नाही, पण तिच्या खालचीकडून मिळेल. म्हणजे काम अडत नाही." एवढं बोलून तिने स्वतःहूनच पुढे जोडलं, "लागोपाठच्या दोन मोडल्या असतील तर मात्र वर जायला वाटच नाही."

हे त्याने विचारलंच नव्हतं. या मोसमात कोणी ते सांगितलंही नव्हतं. त्याच्या तोंडावर ‘शाबास’ आलं होतं. तेवढ्यात पलीकडे कोणीतरी कुजबुजलं. शब्द कळले नाहीत, पण आवाज बाईमाणसाचा होता आणि अगदी जवळचा.

शाबासकी त्याने गिळून टाकली.

"एकटीच आहेस ना गं?"

"हो सर. एकटीच आहे."

बघा. इतकं सरळ खोटं. गेल्या मोसमात एका पोराने त्याला असंच गंडवलं होतं. फोनवर पोपटासारखा बोलला. कामावर आला तेव्हा कळलं की पोपट वेगळाच होता. मित्र शेजारी बसून पाटीवर उत्तर लिहीत होता आणि लिहून झालं की टेबल ठोकत होता. बिअरच्या दुसऱ्या ग्लासाला पोराने स्वतःच फुशारकीने सांगितलं. तेव्हापासून ‘पोपट’ म्हटलं की सगळा विभाग वेइमिनकडे बघून हसे.

हा आवाज कसला, एवढं त्याने विचारलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण विचारलं की चोर सावध होतो, असं त्याचं मत. त्यातून आपण ओळखलं आणि समोरच्याला पत्ता नाही, यात एक गोडी असते. ती गोडी फुकट असते असं माणसाला वाटतं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "माझे प्रश्न संपले. तुला काही विचारायचंय?"

हा प्रत्येक मुलाखतीचा शेवटचा प्रश्न. पोरं त्यावरही एखादं घोकलेलं वाक्य फेकतात आणि सुटतात.

"सर, निकाल शुक्रवारच्या आत कळेल का? नाही, घाई करत नाही मी. पण शुक्रवारी कॉलेजला सांगावं लागतं, इंटर्नशिप कुठे ते. शिक्का बसला की मग बदलता येत नाही. आणि मामाने आमच्या तालुक्याच्या पाणीपुरवठ्यात बोलून ठेवलंय. तिथे गेले की मग... तिथेच. त्यांना कायमचंच माणूस हवंय."

"कळेल. आणखी काही? वेळ आहे."

"आणखी..." ती घुटमळली. "सर, तुमचा घसा बसलाय. गरम पाणी प्या."

रस्त्याकडेच्या झाडांचा कापूस उडायला लागला की त्याचा घसा बसे. ऑफिसात आठवडाभर हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. तो क्षणभर गोंधळला. मग त्याने स्वतःला बजावलं, लोणी लावतेय. आणि फोन ठेवला.

कॅन्टीनमध्ये विभागप्रमुख थाओ जिंग त्याच्यासमोर ताट घेऊन बसली. ती त्याच्याहून वयाने लहान. म्हणून ‘दादा’ म्हणायची आणि साहेबीण म्हणून हुकूम सोडायची. दोन्ही एकाच वाक्यात.

"काय फानदादा, लानचौची पोर काय म्हणते? जागा एकच आहे, आज सांगून टाका."

"हुशार आहे. जरा जास्तच."

"म्हणजे?"

"शेजारी कोणीतरी होतं. ही अडली की तिकडे पाय आपटायचे, की हिला उत्तर सुचायचं. कागदांची सळसळ चाललेली. शेवटी तर कुजबुजही ऐकली मी."

"अगं बाई!" थाओ जिंगने चॉपस्टिक खाली ठेवल्या. "म्हणजे या वेळी पोपट तुम्ही पिंजऱ्यातच धरलात! मानलं बुवा. कान आहेत की काय आहेत!"

आजूबाजूचे दोघेतिघे हसले. या वेळी हसणं त्याच्या बाजूने होतं. वेइमिनने उगाच सूपमधला मासा उलटापालटा केला.

"विचारलंत का पण तिला?"

"चोराला विचारून चोरी कोण पकडतं?"

"तेही खरंच. मग तो पेकिंग विद्यापीठाचा मुलगा घेऊ. निबंध तोही घोकूनच आलाय, पण निदान आठही पाय त्याचे स्वतःचे आहेत." ती उठता उठता थांबली. "खात्री आहे ना दादा? एकदा नकार टाकला की अर्धं वर्ष तिला आपलं दार बंद. नंतर मला म्हणू नका."

"खात्री आहे."

त्याने फोनवरच नकाराचं बटण दाबलं. मासा अजून गार व्हायचा होता.

संध्याकाळी घरी आल्यावर तो आपल्या एका व्यसनाला बसला. मुलाखत झाली की पोरं इंटरनेटवर लिहितात, कोणी काय विचारलं, माणूस कसा होता. बरंचसं पुढच्या पोरांच्या सोयीसाठी असतं. वेइमिन त्यात स्वतःला शोधे. त्याच्याबद्दल जगात एवढंच लिहिलं जात होतं. नाव अर्थातच नसे. पण ‘हांगचौ’, ‘मोडकी पायरी’ एवढ्यावर तो सापडे. ‘माणूस बरा आहे. खोकतो.’ ‘शेवटी सोडतच नाही. आणखी काही विचार म्हणतो, वेळ आहे म्हणतो. त्याला घरदार नाही काय?’ यावर कोणीतरी हसरी तोंडं डकवली होती.

घरदार होतं. घर दोन माणसांच्या बेताने घेतलेलं. त्यातलं दुसरं माणूस लग्नाआधीच शांघायला गेलं आणि तिथलंच झालं. दारापाशी सपातांचे दोन जोड मात्र अजून मांडलेले असत. एक जोड उचलून ठेवायचा म्हणजे तो का उचलला हे स्वतःला सांगावं लागतं. त्यापेक्षा राहू दे.

लानचौच्या मुलीने काहीच लिहिलं नव्हतं. त्याने दुसऱ्या दिवशी बघितलं, तिसऱ्या दिवशीही. नाही. शुक्रवार आला तसा गेला.

शनिवारी सकाळी तो खाली जाऊन न्याहारीला रस्सा-शेवया घेऊन आला, तर लिफ्ट बंद. तपासणीची सूचना चार दिवस दारावर लटकत होती. त्याने ती वाचली होती आणि सोडून दिली होती. आता सतरा मजले. एका हातात शेवयांचा डबा असलेली पिशवी, दुसऱ्या हातात पाण्याची बरणी. या घरात येऊन इतकी वर्षं झाली, पण हा जिना त्याने आत जाऊन पाहिलाही नव्हता. चारी बाजूंनी भिंत, खिडकी नाही. बाहेर लख्ख ऊन असलं तरी आत रात्रच.

निम्म्यावर त्याचा दम संपला. पिशवी आणि बरणी खाली ठेवून तो पायरीवर टेकला. धाप हळूहळू बसली. सगळं शांत झालं, आणि डोक्यावरचा दिवा पटकन विझला.

डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख. वेइमिनने विचार केला नाही, करावा लागलाच नाही. त्याच्या पायाने तो केला.

धप्प.

दिवा लागला.

तो तसाच बसून राहिला. पाय अजून पुढे, जिथे आपटला तिथेच.

तो शिकत होता त्या हफेइच्या कॉलेजात एका खोलीत सहाजण असत. तिथे फोनवर बोलायचं तर एकच जागा, जिना. थंडीत अंगावर रजई घेऊन, मांडीवर कागद ठेवून. जिन्यात असलाच दिवा. आवाज झाला की लागायचा, माणूस विचार करायला लागला की विझायचा. पहिल्या मुलाखतीत तो विझला तेव्हा त्याने अशीच लाथ हाणली होती, आणि पलीकडच्या कोणा वयस्कर माणसाने विचारलं होतं, "काय रे, पडलास की काय?" "नाही सर, दिवा गेला. कागद दिसेना." मग दोघंही हसले होते. त्या हसण्याने याची भीती मेली आणि नोकरी लागली. त्या माणसाचं नाव त्याला आठवेना. आठवलं ते एवढंच, की त्याने विचारलं होतं. एवढाच काय तो त्याचा खर्च.

दिवा पुन्हा गेला. या वेळी लाथ मारायला त्याला जड गेलं.

मुलीचा अर्ज अजून त्याच्या फोनमध्ये होता. त्याने तिथल्या तिथे, आपल्या स्वतःच्या नंबरावरून फोन लावला. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं.

"कर्ज नको, क्लास नको, घर तर नकोच नको!" पलीकडून तोफ सुटली.

"लिन छ्याओलान? मी फान. हांगचौहून. ती मोडकी पायरी..."

"अय्या, सर! माफ करा सर! अहो, सकाळपासून कर्जवालेच फोन करतायत. इथे सामान बांधतेय आणि..." आवाज बदलला. "सर, मला आला निकाल. आलाय तो. ‘आपल्या गुणवत्तेचा आदर आहे, परंतु’वाला."

"हो. माहितीय." तो खाकरला. "कॉलेजचा तो शिक्का..."

"कालच मारून घेतला. सोमवारी रुजू व्हायचंय तालुक्याला."

वेइमिन गप्प झाला आणि तीही, मोठ्या माणसाने फोन केलाय तेव्हा त्याने बोलावं म्हणून. गप्प झाल्याबरोबर दिवा गेला. काळोखात फोनही हातातून निसटेल असं वाटून त्याचा पाय आपोआप आपटला.

धप्प.

पलीकडे ती खळखळून हसली. "सर! तुमच्याकडेही तसलाच दिवा? हांगचौला? मला वाटलं आमच्याच नशिबी आहे! आमचा तर मेला ठार बहिरा. टाळीला दाद देत नाही, लाथच लागते. त्या दिवशी मुलाखतीत तर मी किती वेळा..."

ती थांबली.

वेइमिनचे कान तिखट होते. तिला कळलेलं त्याला ऐकू आलं.

"सर," ती म्हणाली, "तुम्हाला काय वाटलं होतं?"

खोटं बोलता आलं असतं. जागा भरली होती, वरच्यांनी दुसरा निवडला, असली दहा कारणं धंद्यात तयारच असतात.

"वाटलं, शेजारी कोणी आहे. पाय आपटून तुला सांगतंय. कुजबुजही ऐकली मी."

"ती खोलीतली मैत्रीण. गरम पाण्याचा थर्मास घेऊन वर चालली होती. मी उपाशी होते म्हणून तिने जाता जाता हातात उकडलेलं अंडं ठेवलं. ‘गार व्हायच्या आत खा’ म्हणाली. तेवढंच. मी एकटीच होते, सर. अंडेवाली गेलीच होती तुम्ही विचारलंत तेव्हा."

"हं."

"विचारायचं होतंत ना. मी सांगितलं असतं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. छत्री विसरून भिजत आलेल्या माणसाला म्हणावं तसं ती म्हणाली. रागावली असती तर वेइमिनला बरं वाटलं असतं. माफी मागायला काहीतरी धरायला मिळालं असतं.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "अर्ध्या वर्षाने आमचं दार पुन्हा उघडतं. मी स्वतः..."

"नको सर. मामाने त्या साहेबांना घरी बोलावून अख्खा बोकड खाऊ घातलाय. आता मी नाही म्हटलं तर त्याचं नाक कापलं जाईल तालुक्यात. बाबांना तर पोरगी घरी येतेय याचाच आनंद झालाय." तिने नाक ओढलं, सर्दी असल्यासारखं. "मीटरचे आकडे संगणकात भरायचे. काम काय, कामच असतं. सर, पण एक सांगा. माझं उत्तर बरोबर होतं ना?"

"कुठलं?"

"मोडक्या पायरीचं. निकालात काही लिहिलेलं नव्हतं. मी तीन-चार रात्री तेच करून बघतेय, चुकलं कुठे म्हणून. चुकलेलं सापडतच नाही."

वेइमिनने डोळे मिटले. "चुकलंच नव्हतं. लागोपाठच्या दोन पायऱ्यांचं तू सांगितलंस, ते या वर्षी कोणीच सांगितलं नाही."

"हो ना?" पलीकडे मोठा श्वास सुटला. "मग झालं. मला वाटलं मला येतच नाही."

कोणीतरी मागून तिला हाक मारली. दोरी कुठे ठेवलीस, असं काहीसं. तिने फोन हाताने झाकून उत्तर दिलं आणि परत आली.

"सर, तुम्हाला आणखी काही विचारायचंय? वेळ आहे मला."

तिने टोमणा मारला नव्हता. फोनवरचं बोलणं असं संपवायचं, हे तिला त्यानेच तर शिकवलं होतं. वेइमिनने खूप शोधलं. आतापर्यंत त्याने शेकडो पोरांना एवढंच म्हटलं होतं, विचारा, काहीही विचारा. आज त्याच्यावर पाळी आली आणि त्याला एक धड प्रश्न सापडेना.

"न्याहारी केलीस का?"

"केव्हाच केली, सर. तुमचा घसा मात्र अजून बसलेलाच आहे. गरम पाणी पीत नाही ना तुम्ही? प्या. ठेवू?"

"ठेव."

दिवा गेला. पायाशी पिशवीतला डबा होता. शेवयांनी एव्हाना रस्सा पिऊन टाकला असणार. त्यांचा वास होता, ऊब नव्हती. वर कुठेतरी कोणाचं तरी दार आपटलं. त्या आवाजाने मधले सगळे दिवे एकदम लागले, आणि वेइमिन कठड्याला धरून अर्धवट उठला. येणाऱ्याला वाट द्यावी, लिफ्ट बंद आहे एवढं तरी सांगावं.

कोणी उतरलं नाही. वरचा दिवा विझला, मग त्याच्या खालचा, मग त्याच्या डोक्यावरचा.

तो पुन्हा पायरीवर बसला. दोन्ही पाय त्याने जवळ ओढून घेतले, आवाज होणार नाही इतके हळू.